जरा हात लावता का?

आजचा शास्त्रभाग : गलतीकरांस पत्र ६:१-१०



आजचं मनन नेहमीपेक्षा थोडं लांब आहे. हा शास्त्रभाग मी काल सकाळी बसमध्ये वाचला आणि मग दिवसभर तो माझ्याबरोबर चालत राहिला. शब्दशः चालत, कारण काल मी सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत एका छोट्या गावात पायीच फिरत होतो. पण सुरुवात शुक्रवारी रात्रीपासून करावी लागेल.

शुक्रवारी इथे संध्याकाळचे सात वाजले होते, म्हणजे नगरला रात्रीचे साडेअकरा. दादाचा फोन आला. आईला अर्धांगवायू होऊन चौदा महिने झाले, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे, तुम्ही प्रार्थनाही करता. ती दादा-वहिनींकडे असते. दादा इकडचं तिकडचं बोलला आणि मग एकदम म्हणाला, "मला झेपत नाहीये रे आता."

दादा असं बोलणारा माणूस नाही. मी मात्र दहा सेकंदांत उत्तर दिलं, "अरे, मग पूर्ण वेळ एक बाई ठेव ना. पैशाची काळजी करू नकोस, मी पाठवतो."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं. चल, ठेवतो. आईची कूस बदलायची आहे."

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात तक्रार आली की तिचं एक तिकीट तयार होतं. उत्तर दिलं की तिकीट बंद. मी दादाचं तिकीट बंद केलं आणि जेवायला बसलो. जेवण गेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

शनिवारी घरात बसवेना म्हणून ब्रिस्टलहून बस पकडून वेल्सला गेलो. वेल्स म्हणजे तो शेजारचा देश नव्हे, सॉमरसेट परगण्यातलं एक गाव. गाव म्हटलं तरी दर्जा शहराचा, कारण तिथे कॅथेड्रल आहे. लंडनच्या मधोमध असलेली जुनी 'सिटी' सोडली तर इंग्लंडमधलं हे सर्वांत लहान शहर. वस्ती दहा-अकरा हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजारपेठेच्या गावाएवढी. नाव पडलं ते तिथल्या झऱ्यांवरून. रेल्वे पूर्वी होती, आता नाही. बसमधून उतरायचं आणि चालायचं.

शनिवारी तिथे बाजार भरतो. पाव, चीज, भाज्या, जुनी पुस्तकं. हाय स्ट्रीटच्या कडेला दगडी पन्हळीतून स्वच्छ पाणी वाहताना दिसलं. हे झऱ्याचंच पाणी. १४५१ साली बिशप थॉमस बेकिंग्टनने आपल्या वाड्यातल्या झऱ्यांचं पाणी गावाला दिलं, ते आजही बाजारातून वाहतंय. बाजारातून कॅथेड्रलकडे जायला त्यानेच बांधलेलं एक दार आहे, त्याला 'पेनिलेस पोर्च' म्हणतात. खिशात पैसा नसलेल्यांचं दार. भिकारी तिथे बसत. आपल्या देवळांच्या आणि दर्ग्यांच्या वाटेवर बसतात तसेच.

दारातून बाहेर आलं की समोर मोठं हिरवं मैदान आणि त्यापलीकडे कॅथेड्रलची पश्चिमेची भिंत. बांधकाम बाराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालं. त्या भिंतीवर मध्ययुगातल्या सुमारे ३०० मूर्ती आजही उभ्या आहेत : संत, राजे, बिशप, प्रेषित. मी बराच वेळ मान वर करून बघत राहिलो. खरं सांगू? मनात काही हललं नाही. डोक्यात दादाचं ते "बरं" घोळत होतं.

आत गेलो आणि जागच्या जागी थांबलो.

कॅथेड्रलच्या मध्यभागी, जिथे आडवा आणि उभा भाग एकमेकांना छेदतात, तिथे एक अजस्र कमान आहे. खरं तर दोन. खाली एक सरळ कमान आणि तिच्या डोक्यावर दुसरी, उलटी. दोघींची टोकं मध्ये भिडलेली, त्यामुळे कात्रीच्या फुलीसारखा आकार होतो. अशा जोड्या तीन बाजूंना आहेत. तिथल्या एक आजी, माहिती सांगायला बसलेल्या स्वयंसेविका, हसून म्हणाल्या, "पुष्कळांना वाटतं हे अलीकडचं काम आहे." अलीकडचं नाही. ते १३३८ ते १३४८ या काळातलं आहे.

गोष्ट अशी. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या मधल्या मनोऱ्याची उंची वाढवली. १३२२ च्या सुमारास काम पुरं झालं, वर लाकडी सांगाड्यावर शिसं मढवलेला कळसही चढला. दिसायला फार सुंदर झालं असणार. पण खालचा पाया या वजनासाठी घातलेलाच नव्हता. पाया खचू लागला आणि १३३८ पर्यंत मनोऱ्याला मोठे तडे गेले. तेव्हा प्रमुख गवंडी विल्यम जॉय याने हा उपाय केला, असं मानतात. मनोरा पाडला नाही. चार खांबही बदलले नाहीत, ते बदलता येण्यासारखे नव्हतेच. त्याने खांबांच्या मध्ये या कमानी घातल्या, खांबांना एकमेकांशी जखडून धरलं आणि एकीकडे झुकणारा भार वाटून टाकला. मनोरा आजही त्याच चार खांबांवर उभा आहे. पण आता एकही खांब एकटा नाही.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे मला आधी गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. आम्ही सिस्टीममध्ये दुरुस्ती करतो तेव्हा ती कुणाला दिसू नये अशी धडपड असते. ठिगळ लावायचं, वरून रंग मारायचा आणि आधीपासून असंच होतं असा चेहरा करायचा. या लोकांनी ठिगळ नेमकं मधोमध लावलं, आत शिरताच पहिलं दिसेल असं. आमच्या पायाला धोका झाला होता, हे त्यांनी पावणेसातशे वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला उघड सांगितलंय. आणि आता लोक लांबून येतात ते हेच ठिगळ बघायला.

मग मी एका बाकावर बसलो आणि सकाळचा शास्त्रभाग पुन्हा उघडला.

या अध्यायात एक अडचण आहे. दुसऱ्या वचनात पौल सांगतो की दुसऱ्यांची ओझी आपण उचलून घ्यावीत, त्यातच ख्रिस्ताचा नियम पुरा होतो. आणि पाचव्या वचनात तोच म्हणतो की ज्याने त्याने आपला भार आपणच न्यायचा. मध्ये फक्त दोन वचनं. मग नक्की काय करायचं? लहानपणी संडे स्कूलमध्ये मी हा प्रश्न विचारला होता आणि 'मोठा झालास की कळेल' असं उत्तर मिळालं होतं.

मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्या वचनात 'बारोस' : जड वजन, माणसाला दाबून टाकणारं. पाचव्या वचनात 'फोर्तिओन' : ज्याचं त्याने न्यायचं सामान, वाट्याला आलेला भार. मत्तयाच्या ११व्या अध्यायात प्रभू येशू थकलेल्यांना बोलावतो आणि आपलं ओझं हलकं आहे म्हणतो, तिथे हाच 'फोर्तिओन' शब्द आहे. म्हणजे हा भार वाईट नाही. तो आपला असतो, आणि प्रभूबरोबर तो नेता येतो.

ग्रीक राहू द्या. मला माझी आजी आठवली. आमच्या गावाकडे ती सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन तीन मैल चालायची, मध्ये थांबायची नाही. पण तो भारा जमिनीवरून डोक्यावर एकटीला घेता येत नसे. मग ती वाटेवर उभी राहायची आणि येणाऱ्या कुणालाही म्हणायची, "बाबा, जरा हात लावता का?" तो हात लावायचा, भारा डोक्यावर जायचा आणि आजी चालू लागायची. भारा आजीचाच. चालणारही आजीच. पण तो हात नसता तर आजी आणि भारा दोघेही तिथेच राहिले असते.

'मला झेपत नाहीये' म्हणजे दादाने दुसरं काय म्हटलं होतं? जरा हात लाव, एवढंच. आणि मी काय केलं? रस्त्याच्या कडेला उभा राहून सांगितलं की एक हमाल कर, पैसे देतो.

तुम्ही म्हणाल, त्यात वाईट काय? पैसे पाठवतोय ना. मलाही तसंच वाटत होतं. पण मग दुपारी मी व्हिकर्स क्लोजमध्ये गेलो.

कॅथेड्रलच्या उत्तरेला ही एक गल्ली आहे. दोन्ही बाजूंना सारखी दगडी घरं, प्रत्येकाला उंच धुराडं आणि पुढे हातभर बाग. वरच्या टोकाला ती थोडी अरुंद होत जाते, त्यामुळे आहे त्यापेक्षा लांब दिसते. चौदाव्या शतकात रॅल्फ ऑफ श्रूजबरी या बिशपने ती वसवली आणि आजही तिथे कॅथेड्रलचे गायक राहतात. आता 'व्हिकर' म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा. कॅथेड्रलच्या कॅनन मंडळींनी रोजच्या उपासनेत गायचं असे. पण पुष्कळ कॅनन दुसऱ्या गावी राहत, दुसऱ्या कामांत असत. मग ते आपल्या जागी एकेक व्हिकर पगारावर ठेवत. जागा कॅननची, घसा व्हिकरचा. या व्हिकरांना राहायला धड जागा नव्हती, ते गावात कुठेकुठे पडून असत. बिशपने त्यांना घरं दिली, एकत्र जेवायला मोठं दालन दिलं.

मी गल्लीच्या मधोमध उभा होतो आणि मला लख्ख दिसलं. दादा माझा व्हिकर आहे. आईचा मुलगा म्हणून ज्या जागी मी असायला हवं, तिथे चौदा महिने दादा उभा आहे. आणि मी लांबच्या गावचा कॅनन, दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाठवणारा. माझ्या जागी उभा असलेला माणूस रात्री झोपतो का, कधी झोपतो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आजच्या भागात तिसरं वचन आहे, आपण कुणीतरी आहोत असं समजणारा माणूस स्वतःलाच फसवतो, अशा अर्थाचं. ते मी नेहमी दुसऱ्यांसाठी वाचलं होतं.

आणखी एक लक्षात आलं. 'बाई ठेव' म्हटल्याने ओझं कमी झालंच नव्हतं, उलट वाढलं होतं. बाई शोधायची कुणी? तिला समजावायचं कुणी? ती चार दिवस आली नाही तर काय? सगळं दादानेच. मी उपाय दिला नव्हता, आणखी एक काम दिलं होतं. तसंच आपण मंडळीतही करतो. थकलेल्या माणसाला भेटायला जातो आणि याच अध्यायातलं नववं वचन सांगून येतो, चांगलं करताना थकू नकोस म्हणून. वचन खरंच आहे. पण पौलाने ते नवव्या क्रमांकावर ठेवलंय. ओझ्याला हात लावायची गोष्ट दुसऱ्या क्रमांकावर आहे. दोन न करता नऊ सांगणं म्हणजे तड्यावर चुना फासणं.

पहिल्या वचनात पौल सौम्यतेने सावरायला सांगतो. तिथला ग्रीक शब्द 'कातार्तिझो'. याकोब आणि योहान होडीत बसून जाळी नीट करत होते, त्या प्रसंगी मत्तयाने हाच शब्द वापरलाय. जाळं दुरुस्त करायला जवळ बसावं लागतं, मांडीवर घ्यावं लागतं. किनाऱ्यावरून सूचना देऊन जाळं शिवता येत नाही.

चारच्या सुमारास बिशपच्या वाड्याकडे गेलो. वाड्याभोवती भिंत आहे आणि पाण्याने भरलेला खंदक. ही भिंत आणि खंदकही त्याच रॅल्फ बिशपच्या काळातले, कारण गावकऱ्यांशी त्याचं फारसं पटत नव्हतं. माणूस कसा असतो बघा. त्याच्या कॅथेड्रलमध्ये कमानी खांबांना जोडत होत्या आणि जवळपास त्याच वर्षांत तो स्वतःभोवती भिंत घालत होता. मला हसता आलं नाही. मीही तेच करतो.

खंदकात हंस आहेत. दाराशेजारच्या खिडकीखाली एक दोरी लोंबते, भूक लागली की हंस ती चोचीने ओढतात, घंटा वाजते आणि वरून खाणं येतं. एकोणिसाव्या शतकात एका बिशपच्या मुलीने ही सवय लावली असं सांगतात, आणि ती पिढ्यानपिढ्या चालू आहे. पाखराला मागता येतं. आपल्या घरातल्या कर्त्या पुरुषाला मात्र घंटा वाजवायला चौदा महिने लागतात. आणि वाजवली, तर वर बसलेला माणूस म्हणतो, पैसे पाठवतो.

तिथेच काठावर बसून दादाला फोन लावला. नगरला साडेआठ वाजले होते. मी म्हटलं, "दादा, काल मी चुकलो. तू दिवसभर काय काय करतोस ते सगळं सांग. मी काही सुचवणार नाही."

तो आधी म्हणाला, "अरे काही नाही, काल जरा थकलो होतो." मी गप्प राहिलो. मग तो बोलायला लागला. चाळीस मिनिटं बोलला. दर दोन तासांनी कूस बदलणं. फिजिओथेरपीवाल्याच्या मागे लागणं. औषधांची बिलं. ज्या रात्री आई त्याला ओळखत नाही ती रात्र. वहिनीचं पाठीचं दुखणं, जे तिने कुणाला सांगितलेलं नाही. मध्ये एकदा त्याचा आवाज फुटला. मी आजवर दादाला रडताना ऐकलं नव्हतं.

शेवटी आम्ही यादी केली. मदतीची बाई मी शोधणार, व्हिडिओवर मी बोलणार, आणि ती आली नाही तर फोन मला येणार, दादाला नाही. औषधं, बिलं, फिजिओच्या वेळा माझ्याकडे. डिसेंबरात महिनाभर मी तिथे येऊन तिथूनच काम करणार. ऑफिसात उद्या विचारायचं आहे, होईलच असं नाही, म्हणून प्रार्थना करा. मी विचारलं, "आणि सकाळचं? सकाळीही बाईलाच यायला सांगू का?"

दादा पटकन म्हणाला, "नको. सकाळचा चहा मीच पाजणार. तेवढ्या वेळात ती माझ्याशी बोलते."

तो त्याचा फोर्तिओन आहे. तो त्याच्याकडून काढून घ्यायचा नाही. पाचवं वचन मला पस्तिसाव्या वर्षी, हंसांच्या शेजारी बसून, असं कळलं. प्रेमाचा भार माणसाला न्यायचा असतो. त्याच्यावर जे चढून बसलंय आणि ज्याने तो प्रेमही करू शकत नाही, तेवढंच उतरवायचं.

प्रियांनो, दादा माझ्या जागी उभा राहिला हे मला चौदा महिन्यांनी कळलं. पण त्याच्याही आधी एकजण माझ्या जागी उभा राहिला, आणि त्याने लांबून पैसे पाठवले नाहीत. तो स्वतः आला. आपल्यासारखा देह घेऊन आला, आपलं ओझं आपल्या अंगावर घेतलं आणि वधस्तंभापर्यंत गेला. पौल ज्याला ख्रिस्ताचा नियम म्हणतो तो हाच असावा : ज्याने मला उचललं त्याच्या रीतीने मी दुसऱ्याला हात लावावा. हे आपल्या ताकदीने होत नाही. आपला पाया खचणाराच आहे. म्हणून तर कमान लागते.

परत निघण्याआधी पुन्हा आत जाऊन त्या कमानीखाली दोन मिनिटं उभा राहिलो. सकाळी ती मला दुरुस्ती वाटली होती. संध्याकाळी ती प्रार्थनेसारखी वाटली.

आज स्वतःला विचारू या :

माझ्या ओळखीत कुणी 'झेपत नाही' म्हटलं आणि मी सल्ला देऊन मोकळा झालो, असं कोण आहे?

माझ्या जागी सध्या कोण उभं आहे? त्याची झोप होते का, हे मी विचारलंय का?

आणि माझ्यालाच तडा गेला असेल, तर मी चुना फासतोय की कुणाला हाक मारतोय?

प्रार्थना : प्रभू येशू, तू लांब राहिला नाहीस म्हणून तुझे आभार. ज्यांनी आमच्या वाट्याचं काम मुकाट्याने केलं, त्यांना आज विसावा दे. आम्हांला सल्ल्याआधी कान दे, पैशाआधी वेळ दे. आमच्या घरांतले तडे झाकायला नको, सांधायला शिकव. आजारी आयांच्या उशाशी जागणाऱ्या प्रत्येक मुलाजवळ, मुलीजवळ आणि सुनेजवळ तू आज रात्री बस. तुझ्याच नावात मागतो. आमेन.